टक्केवारीच्या खालचा आकडा

नमस्कार मंडळी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पहिली रांग नेहमीप्रमाणे मोकळीच आहे, शेवटच्या बाकावर बसायची सवय शाळा सुटली तरी काय सुटत नाही लोकांची.

विषय दिलाय, प्राथमिक शाळा आणि परीक्षांचे निकाल. समोर गुरुजी आहेत, मॅडम आहेत, शाळा व्यवस्थापन समितीचे दोन-तीन अध्यक्ष दिसतायत, आणि बरेचसे पालक. मी आधी उपशिक्षक होतो, नंतर केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झालो, म्हणजे निकाल तयार करणं, निकाल वर पाठवणं आणि निकालावरून बोलणी खाणं हे तिन्ही करून झालंय. तर सुरुवात फ्लेक्सपासून करू.

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की गावोगावी फ्लेक्स लागतात, वर नेत्यांचे मोठे फोटो, खाली पोरांचे छोटे, मध्ये लाल अक्षरात निकाल १०० टक्के. आता समजा एका शाळेत पाचवीत २९ पोरं आहेत, त्यातली ६ निवडून परीक्षेला बसवली, सहाही पास झाली. निकाल १०० टक्के, खोटं काहीच नाही त्यात. शेजारच्या गावातल्या शाळेत पण पाचवीत २९ पोरं, तिथल्या मॅडमनी सगळीच्या सगळी बसवली, पास झाली ११. निकाल ३८ टक्के. त्या शाळेचा फ्लेक्स लागत नाही, उलट शिक्षण परिषदेत मॅडमना उभं करून विचारतात, काय हो, निकाल एवढा कमी कसा? आता मला सांगा, कुठल्या शाळेतली जास्त पोरं पास झाली? ६ का ११? हे गणित पाचवीच्या पोराला पण येतं, पण तालुक्याच्या तक्त्यात ते दिसत नाही, कारण तक्त्यात "बसलेले" आणि "पास" असे दोनच रकाने असतात, पटावर किती होते हा रकानाच नसतो.

मला आज सांगायचंय ते एवढंच, की शाळेच्या निकालाची टक्केवारी वाचायच्या आधी तिच्या खालचा आकडा वाचा, आणि तोही वाचून झाला की पोरांच्या चुका वाचा. टक्केवारी वाचली नाही तरी फारसं काही बिघडत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षा आपल्याकडे १९५४-५५ पासून आहे. पिढ्यानपिढ्या ती चौथीला आणि सातवीला होती, तुमच्यातले बरेच जण चौथीलाच बसले असतील, मग २०१६-१७ पासून ती पाचवीला आणि आठवीला नेली, आणि आता परत चौथी-सातवीला आणायचं ठरलं, त्यामुळे २०२५-२६ या एकाच वर्षात पाचवी-आठवीची शेवटची आणि चौथी-सातवीची नव्याने पहिली असा डबल मामला झाला. घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. दोन पेपर असतात, एकेक दीडशे मार्कांचा, प्रत्येकात ७५ प्रश्न आणि दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. म्हणजे दहा-अकरा वर्षांचं पोर एका दिवसात तीन तास गोल काळे करतं. साधारण ३० टक्के प्रश्न सोपे, ४० टक्के मध्यम, ३० टक्के कठीण असं त्या पेपरचं माप असतं, आणि दोन्ही पेपरात ४० टक्के मिळाले तर पोर पात्र.

पाचवीला राज्यातून पाच लाखांच्या आसपास पोरं बसत आलीत आणि अलीकडच्या वर्षांत साधारण चारातलं एक पात्र ठरतं. प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मिळते ती साडेसोळा हजारांच्या आसपास पोरांना, तीही जिल्ह्याला ठरवून दिलेल्या कोट्यातून. पैसे आधी नावालाच होते, २०२३ मध्ये पाचवीला वर्षाला ५ हजार आणि आठवीला साडेसात हजार केले, ते चांगलं झालं. पण मुद्दा काय, की ही परीक्षा बनवलीच आहे मुळात निवडायला. पाच लाखातनं साडेसोळा हजार वेगळे काढायचे तर पेपर अवघड लागणारच, त्याला कोणाचा इलाज नाही. गंमत अशी की पोरं निवडायला काढलेला पेपर आपण शाळा मोजायला वापरतो आणि मग शाळा ढ आहेत असं म्हणतो. अहो, चारातलं एक पात्र ठरेल अशा चाळणीतनं तुम्ही गावची शाळा गाळताय.

आपल्याकडे म्हणतात शितावरून भाताची परीक्षा. ती करायची रीत काय? पातेल्यातनं कुठलंही एक शित उचलायचं. शिष्यवृत्तीत आपण काय करतो, चांगलं शिजलेलं दिसतंय तेच शित शोधून काढतो आणि सांगतो बघा, भात तयार आहे.

कुठलंही शित उचलायची पद्धत असते असरच्या पाहणीत. प्रथम संस्थेची ती पाहणी, २००५ पासून, ग्रामीण भागात. जिल्ह्यातली ३० गावं आणि गावातली २० घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात, आणि मुख्य म्हणजे शाळेत न जाता घरी जातात. ओट्यावर पोराला बसवतात आणि हातात एक कागद देतात, त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. पोर आठवीतलं असलं तरी गोष्ट दुसरीचीच. एकेक पोर, तोंडी, वाच म्हणायचं आणि ऐकायचं, बस. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या पोरांपैकी ती दुसरीची गोष्ट वाचता आली २३.४ टक्के पोरांना. २०२२ मध्ये, म्हणजे कोरोनानंतर, हाच आकडा १६.३ होता आणि २०१८ मध्ये २०.९. म्हणजे पडलो होतो त्याच्यापेक्षा वर आलो, हे खरं, आणि तिसरीतल्या चार पोरांमधल्या तिघांना अजून ती गोष्ट वाचता येत नाही, हे पण खरं. दोन्ही वाक्यं एकाच आकड्यातली आहेत, पेपरवाला त्याला पाहिजे ते उचलतो.

पण असरचा आकडा घेऊन कोणी तुमच्या गावच्या गुरुजींना झापायला लागला तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. जिल्ह्यातली सहाशे घरं बघून जिल्ह्याबद्दल बोलता येतं, तुमच्या वाडीवरच्या शाळेबद्दल त्यात एक अक्षर नसतं, बहुतेक वेळा तुमचं गाव त्यात आलेलंच नसतं. तेच केंद्र सरकारच्या परख नावाच्या शाळांमधल्या सर्वेक्षणाचं, ४ डिसेंबर २०२४ ला झालं ते, तिसरी, सहावी आणि नववी. तेही नमुना पद्धतीचंच, पण त्याच्या आधी गावोगाव सराव चाचण्या, गोल कसा काळा करायचा याचा सराव, ग्रुपवर रोज मेसेज. शित उचलणार हे आधी कळलं की सगळं पातेलं ढवळायचं.

आता जरा आकडेमोड करू, घाबरू नका.

आपल्या भागात कितीतरी शाळा अशा आहेत की चौथीच्या वर्गात पाच पोरं. द्विशिक्षकी शाळा, एकूण पट अठरा-वीस. पाचात एक पोर म्हणजे सरळ २० टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला की शाळेचा निकाल शंभरावरनं ऐंशीवर. समजा एका तालुक्यात अशा १०० शाळा आहेत, सगळीकडे गुरुजी सारखेच चांगले, पोरं सारखीच, आणि कुठलंही पोर एखाद्या चाचणीत पास व्हायची शक्यता ६० टक्के. काहीच फरक नाही शाळाशाळांत, असं मुद्दाम धरलंय. तरीसुद्धा गणित सांगतं की त्यातल्या सात-आठ शाळांत पाचच्या पाच पोरं पास होतील, निकाल १०० टक्के, आणि आठ-नऊ शाळांत एखादंच पास होईल नाहीतर कोणीच नाही, निकाल २० टक्के किंवा शून्य. ०.६ ला पाच वेळा घेऊन गुणा, घरी करून बघा, ०.०७८ येतं. मग काय होतं, त्या सात-आठ गुरुजींना शाल-श्रीफळ आणि त्या आठ-नऊ गुरुजींना कारणे दाखवा. पुढच्या वर्षी परत फासे पडतात आणि शाल दुसऱ्याच्या खांद्यावर. शालवाला म्हणतो यावर्षीची बॅचच कच्ची होती, नोटीसवाल्याचा निकाल आपोआप वर येतो आणि साहेब म्हणतात बघा, नोटीस काढली की काम करतात. नोटिशीमुळं काही झालेलं नसतं हो, तो फाशांचा खेळ असतो. पण एकदा साहेबांना वाटलं ना की नोटिशीनं निकाल वाढतो, की मग संपलं.

हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या प्राथमिक शाळांचे आकडे थॉमस केन आणि डग्लस स्टेगर या दोन अर्थतज्ज्ञांनी तपासले, २००२ मध्ये छापून आलं ते. त्यांना दिसलं की सगळ्यात वरच्या शाळांच्या यादीत लहान शाळाच जास्त, आणि सगळ्यात खालच्या यादीत पण लहान शाळाच जास्त. मोठ्या शाळा बिचाऱ्या मध्ये, ना हार ना नोटीस. कारण एकच, पोरं कमी की आकडा उड्या मारतो. म्हणून वाडीवरच्या शाळेचा एका वर्षाचा निकाल बघायचाच नाही, तीन-चार वर्षांची पोरं एकत्र करून बघा, मग थोडंफार काहीतरी बोलता येईल.

आणि कोण बसलंय हे तर बघाच बघा. बीडकडची, अहिल्यानगरच्या पाथर्डी भागातली मंडळी इथं बसली असतील तर त्यांना सांगायला नको, दिवाळीच्या आगंमागं टोळ्या निघतात त्या ऊसतोडीला, परत येतात पट्टा पडला की, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की, मार्च-एप्रिलात. शिष्यवृत्ती परीक्षा बहुतेक फेब्रुवारीत. आणि पहिलं सत्र संपताना शाळेत होते ती संकलित चाचणी नेमकी टोळ्या निघायच्या सुमाराला. हंगामी वसतिगृहं आहेत, आजीपाशी राहणारी पोरं आहेत, पण जी आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, गेली ती गेली. आता बघा, ती पोरं गैरहजर म्हणून चाचणीतून आपोआप गळाली तर त्या गावच्या शाळेचा निकाल चांगला दिसतो. आणि जी शाळा कारखान्याच्या पट्ट्यात आहे, सांगली-कोल्हापूरकडची, तिथल्या गुरुजींनी कळकळीनं पालावर जाऊन ती पोरं आणून बसवली, तर त्यांच्या शाळेचा निकाल पडतो. म्हणजे जो गुरुजी काम करतो त्याला आकडा मारतो आणि जो डोळेझाक करतो त्याला तारतो. असल्या आकड्यावर बक्षिसं दिली की चार वर्षांत काय होईल सांगायला ज्योतिषी नको.

आता चाचणी नको असं मी म्हणतोय असं समजू नका. चाचणी पाहिजेच. मी नेहमी भांडत आलोय ते चाचणी झाल्यावर आपण काय करतो यासाठी.

सध्या आपल्याकडे ती पॅट आहे, नियतकालिक मूल्यांकन चाचणी, केंद्राच्या स्टार्स नावाच्या शाळासुधारणेच्या प्रकल्पातून आलेली. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित एक आणि संकलित दोन. मराठी, गणित, इंग्रजी. पेपर छापून वरनं येतात, गुरुजी तपासतात, आणि मग मोबाईलवर चॅटबॉटमध्ये एकेका पोराचे मार्क भरायचे, रात्री रेंज येईल तेव्हा गच्चीवर उभं राहून. मार्क भरले की वरती रंगीत तक्ते तयार होतात, लाल, पिवळे, हिरवे. आणि उत्तरपत्रिका? त्या गठ्ठा बांधून कपाटात. सोनं कपाटात आणि पावती पुण्याला.

का सोनं म्हणतो ते दाखवतो, फळा आहे का? आहे, छान. एकच उदाहरण घेऊ, ५२ वजा २८. तिसरीची हातच्याची वजाबाकी. उत्तर २४. चुकलं की शून्य मार्क, तक्त्यात लाल. पण पोरं काय काय लिहितात बघा.

एक पोर लिहितं ३६. कसं आलं? एककाच्या घरात २ मधून ८ जात नाहीत, मग त्यानं सरळ ८ मधून २ काढले, ६. आणि ५ मधून २, ३. छत्तीस. या पोराला वजाबाकी म्हणजे मोठ्यातून लहान काढायचं एवढंच माहीत आहे, वर काय खाली काय याचं त्याला काही नाही. याला दशक सुट्टा करणं हे डोळ्यांनी बघायला पाहिजे, काड्यांचा गठ्ठा हातात देऊन रबर सोडायला लावलं पाहिजे.

दुसरं लिहितं ३४. यानं दशक सुट्टा केला, १२ वजा ८, ४, बरोबर, पण वरचा ५ तसाच ठेवला, ४ केला नाही. याला सगळं समजलंय, एका ठिकाणी विसरतं. याला काड्या दिल्या तर कंटाळेल, याला फक्त काट मारून वर ४ लिहायची सवय लावायची, दोन दिवसांचं काम.

तिसरं लिहितं १४, आणि हे माझं लाडकं उत्तर आहे. इथल्या आजोबा लोकांनी वजाबाकी कशी शिकली आठवा, वरच्याला दहा दिले की खालच्याला एक द्यायचा. १२ वजा ८, ४, खालचे २ चे झाले ३, ५ वजा ३, २. उत्तर २४, एकदम बरोबर पद्धत आहे ती. आता शाळेत बाई शिकवतात वरच्या ५ चे ४ कर, रात्री आजोबा शिकवतात खालच्या २ चे ३ कर, आणि पोर बिचारं आज्ञाधारक, दोघांचंही ऐकतं. ४ वजा ३, १. चौदा! या पोराला काय शिकवायचं? काहीच नाही. आजोबांना शाळेत चहाला बोलवायचं आणि दोघांनी एक काय ते ठरवायचं.

चौथं लिहितं ८०. त्यानं बेरीज केली. त्याला चिन्ह दिसलं नाही, किंवा डोळे तपासायला पाहिजेत, किंवा आधीची चार गणितं बेरजेची होती आणि त्याचा हात चालूच राहिला.

चारही पोरांना शून्य मार्क. चार वेगळे आजार आणि चॅटबॉटमध्ये चौघांना एकच लाल ठिपका, आणि वरनं उपाय काय येतो, तर उपचारात्मक अध्यापन, चौघांना एकत्र बसवून परत पहिल्यापासनं वजाबाकी. ज्याला काड्यांची गरज होती त्याला तेच फळ्यावरचं परत, आणि ज्याला कळलंय ते पेंगतं.

अजून एक सांगतो, मास्तर लोकांनी हे लिहून घ्या. मी ५२ वजा २८ घेतलं ते मुद्दाम. ५२ वजा २७ घेऊन बघा. मोठ्यातून लहान काढणारं पोर लिहिणार ७ मधून २, ५, आणि ३, पस्तीस. वरचा ५ कमी करायला विसरणारं लिहिणार १२ मधून ७, ५, आणि ३, पस्तीसच! दोन अगदी वेगळ्या चुका, उत्तर एक, म्हणजे हे गणित त्या दोघांना वेगळं करूच शकत नाही. एककाच्या आकड्यांत पाचाचा फरक असला की असं होतं. एका आकड्याचा फरक आणि एक गणित बोलतं, दुसरं मुकं राहतं. पेपर काढणाऱ्यानं एवढा विचार केला पाहिजे, आणि काही जण करतात पण, शिष्यवृत्तीच्या पेपरात गणिताचे चुकीचे पर्याय बघा, त्यातले बरेच असल्या चुकांवरूनच बेतलेले असतात. अमेरिकेत १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या दोघांनी पोरांच्या वजाबाकीच्या चुकांची अशी अख्खी जंत्री केली होती, कम्प्युटरवर, त्यांचं म्हणणं हेच की पोर उगाच वाट्टेल ते लिहीत नाही, त्याचा एक नियम असतो, चुकीचा का असेना, आणि ते तो नियम इमानदारीनं पाळतं.

भाषेतपण असंच. गुरुजी म्हणाले एकोणतीस, पोरानं लिहिले ३९. तीस ऐकू आलं ना, मग ३ आणि नऊ. तेवीसचे ३२ लिहिणारं पोर तर प्रत्येक वर्गात असतं, कारण ऐकू आधी तीन येतं आणि लिहायचे आधी दोन. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं पण म्हणायची सोय दिली तेव्हा केवढा गोंधळ झाला आठवतंय ना, टीव्हीवर चर्चा, विधानसभेत चर्चा, व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगलाताई नारळीकर होत्या, त्या शांतपणे सांगत होत्या की जुनं बंद नाही केलेलं, पोरांना सोपं पडावं म्हणून दुसरी वाट दिली आहे. तुम्हाला ते पटो न पटो, पण ते कुठनं आलं होतं? पोरांच्या चुका वाचण्यातनं आलं होतं. टीव्हीवर ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या पोराची वही उघडून बघितली होती, देवाला माहीत.

आता जरा कडू विषय. कॉपी. पोरांची म्हणत नाही मी, मोठ्यांची.

आपल्याच गुरुजीनं तपासायचं, आपणच मार्क भरायचे, आणि त्या मार्कावरून आपल्यालाच बोलणी. संकलित चाचणीचे पेपर आधीच यूट्यूबवर उत्तरांसकट फिरल्याच्या बातम्या तुम्ही सगळ्यांनी वाचल्यात. मध्य प्रदेशात अभिजित सिंग नावाच्या अर्थतज्ज्ञानं सरकारी चाचणीतलेच प्रश्न त्याच पोरांना परत दिले, स्वतंत्रपणे, तर सरकारी कागदावर पोरं जेवढी हुशार होती त्याच्यापेक्षा प्रत्यक्षात बरीच कमी निघाली. आणि गंमत अशी की तिथं मार्कांवरून कोणाचा पगार कापणार नव्हते, बढती अडणार नव्हती, तरीसुद्धा. आपल्या शाळेच्या कागदावर लाल दिसू नये एवढी भीती पुरते माणसाला.

आणि जिथं खरोखर नोकरी टांगलेली असते तिथं काय होतं ते अटलांटात झालं. अमेरिकेत २००२ मध्ये कायदा आला, की २०१४ पर्यंत देशातलं शंभर टक्के पोर वाचन-गणितात पास पाहिजे. शंभर टक्के! आपल्याकडचे फ्लेक्सवाले बरे. अटलांटातल्या शाळांचे निकाल धडाधड वाढले, बक्षिसं मिळाली, वाहवा झाली. मग २००९ च्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका मशीनमध्ये घालून खोडलेल्या खुणा मोजल्या, चुकीचं खोडून बरोबर केलेली उत्तरं, तर काही वर्गांत ती इतकी निघाली की पोरांनी स्वतः एवढं खोडणं शक्यच नव्हतं. २०११ च्या चौकशी अहवालात तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गडबड निघाली, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं आली. एका प्राथमिक शाळेतल्या बाया तर सुट्टीच्या दिवशी एकीच्या घरी जमून पोरांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त करत बसल्या होत्या. शेवटी २०१५ मध्ये ११ जणांना कोर्टानं दोषी धरलं. त्या शिक्षकांची कीव करायची का राग करायचा ते तुम्ही ठरवा, मला तर दोन्ही येतं. पण ज्या पोरांना वाचता येत नव्हतं त्यांच्या नावापुढं "येतं" असं लिहिलं गेलं आणि मग त्यांना मदत द्यायचं कारणच उरलं नाही, पुढं ती तशीच गेली. लाल ठिपका हिरवा केला की ते पोर कोणालाच दिसत नाही.

आपल्याकडे पण शाळा "प्रगत" जाहीर करायची एक लाट येऊन गेली, २०१५ नंतर. त्यातनं काही शाळांत खरंच बरं काम झालं, फरश्या रंगल्या, पोरं गटात बसून बोलायला लागली, ते मी नाकारत नाही. पण शाळा प्रगत असल्याचं सांगणारी शाळाच आणि मोजणारी पण शाळाच, तिथं मी दुसरं काय बोलू?

वेळ झालाय, चिठ्ठी आली. एक-दोन प्रश्न घेतो.

हं, ताई विचारतायत, समितीच्या बैठकीत पालकांनी मग विचारायचं तरी काय. सोपं आहे. टक्केवारी सांगितली की विचारा, पटावर किती, बसले किती, आणि जे नाही बसले त्यांची नावं काय. नावं विचारा, संख्या नको. आणि मग म्हणा, माझ्या पोराची उत्तरपत्रिका बघू द्या. गुरुजी देतात, द्यायला काही हरकत नसते. ती घरी नेऊन मार्क बघून पाठीत धपाटा घालायचा नाही, पोराला शेजारी बसवून विचारायचं की हे उत्तर तू कसं आणलंस, सांग मला. आणि गप्प बसून ऐकायचं. आईबापाला सगळ्यात अवघड काय जातं तर हे गप्प बसणं.

दुसरा, शेवटचा. दादा म्हणतायत, परत चौथीला शिष्यवृत्ती आली, माझी मुलगी तिसरीत आहे, बसवू का नको, गावातल्या क्लासवाल्यानं आत्ताच ॲडव्हान्स मागितलाय.

बसवा की. बुद्धिमत्तेचे प्रश्न पोरांना आवडतात, कोडी असतात ती, आणि आपल्या वाडीवरच्या शाळा चौथीपर्यंतच असतात, पोर पाचवीला दुसरीकडं जायच्या आत त्याच शाळेत तयारी होईल, त्या दृष्टीनं चौथीला आणलं ते मला बरं वाटतं. फक्त गुरुजींना सांगा, जादा तासाला सगळ्या वर्गाला बसू द्या, निवडक सहांना नको, मग परीक्षेचा फॉर्म कोण भरतंय कोण नाही ते नंतर बघू. सहा पोरांना गुरुजी सकाळी शिकवणार आणि बाकीची तेवीस बाहेर खेळत बसणार, ते नको. आणि तिसरीतल्या पोरीसाठी क्लासला ॲडव्हान्स देऊ नका हो, तेवढ्यात गोष्टीची चांगली पंधरा-वीस पुस्तकं येतील. आणि काड्यांचे दहा गठ्ठे, ते तर फुकटच.